आशा स्वयंसेविकांच्या हाती मोबाइल : नोंद कोणासाठी?

बाळ जन्मल्यानंतर तिसऱ्या दिवशी आशा स्वयंसेविका त्याच्या घरी जाते. हात स्वच्छ धुऊन ती बाळाचे वजन करते, काखेत तापमापक ठेवून अंगाची ऊब पाहते, बेंबी व त्वचा तपासते, बाळ अंगावर नीट पिते की नाही याची खात्री करून घेते आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजते. मिनिटास ६० किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर ती धोक्याची खूण होय. अशा वेळी बाळास विनाविलंब दवाखान्यात हलवावे लागते.

आशाने मोजलेला हा आकडा दोन ठिकाणी उपयोगी पडावा, अशी अपेक्षा असते. एक म्हणजे त्याच घरात व त्याच घटकेस. बाळाला दवाखान्यात न्यावयाचे की घरीच उबेत ठेवावयाचे, हे त्यावरून ठरते. दुसरे ठिकाण म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका आणि जिल्हा. तेथे असे अनेक आकडे एकत्र आले म्हणजे औषधे, वाहने व मनुष्यबळ कोठे कमी पडते ते समजते. पहिल्या उपयोगाने आजचे बाळ वाचते, तर दुसऱ्याने पुढील वर्षीच्या बाळांची तरतूद होते. मोबाइल आणि संगणक यांच्या साहाय्याने हे दोन्ही हेतू एकाच नोंदीतून साधता यावेत, हा आरोग्यसेवेत डिजिटल तंत्रज्ञान आणण्यामागील मूळ विचार आहे. तो प्रत्यक्षात कितपत उतरतो आणि उतरावा म्हणून काय करावे लागेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गावातील आरोग्य कार्यकर्तीची परंपरा

गावातल्याच स्त्रीला आरोग्याचे ज्ञान द्यावे आणि तिच्या हातून सेवा घरोघरी पोचवावी, ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात अल्पशिक्षित, किंबहुना निरक्षर ग्रामीण स्त्रियाही उत्तम आरोग्यसेविका होऊ शकतात, हे सिद्ध झाले. १९७७ मध्ये दर हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य कार्यकर्ता तयार करण्याची योजना केंद्र शासनाने देशभर हाती घेतली. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांमध्ये घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्यूचा दर काही वर्षांतच २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्यांची दखल जगभर घेतली गेली.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा आरंभ झाला आणि त्यातून ‘आशा’ ही स्वयंसेविका पुढे आली. ती त्याच गावची रहिवासी असावी, तिची निवड गावाने करावी आणि साधारणतः दर हजार लोकसंख्येमागे एक आशा असावी, असे धोरण ठरले. आदिवासी भागात वस्ती वा पाड्यानुसार निवडीची मुभा ठेवण्यात आली. आज देशात सुमारे १० लाख आशा कार्यरत आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्या कार्याचा आंतरराष्ट्रीय पुरस्काराने गौरव केला. गडचिरोलीच्या प्रयोगातील अनुभवाच्या आधारे २०११ पासून आशांच्या कामात नवजात बालकांच्या गृहभेटींचा समावेश झाला. दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी, तर घरी बाळंतपण झाले असल्यास पहिल्या दिवसाची आणखी एक भेट, असा हा क्रम आहे. २०१८ पासून त्यास ३, ६, ९, १२ व १५ व्या महिन्यांतील भेटींची जोड मिळाली.

मण्यांचा धडा

तंत्रज्ञानाचा विचार करताना गडचिरोलीतील आणखी एका साधनाची आठवण ठेवणे उपयुक्त ठरेल. न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजणे आवश्यक असते. परंतु ज्या सुईणीस पन्नास-साठपर्यंत अंक मोजता येत नाहीत, तिने ते कसे करावे? यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘सर्च’ने एक साधे श्वासगणक तयार केले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवावयाचे मणी, एवढेच त्याचे स्वरूप होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीच शेवटचा तांबडा मणी सरकवावा लागला, तर बाळाचा श्वास वाजवीपेक्षा जलद चालला आहे, असे समजावयाचे.

या साधनाची थोरवी त्याच्या स्वस्तपणात नव्हती. वापरणाऱ्या व्यक्तीच्या क्षमतेचा विचार करून ते घडविलेले होते आणि त्याचे उत्तर त्याच जागी, त्याच क्षणी, मोजणाऱ्या स्त्रीलाच मिळत होते. वर कोणाला कळवावयाचे असेल तर ते नंतर. आज आशांच्या हाती दिलेल्या प्रत्येक ॲपला हीच कसोटी लावता येईल : उत्तर प्रथम कोणाला मिळते?

कागदापासून संगणकापर्यंत

पूर्वीच्या पद्धतीत आशा आपल्या डायरीत नोंद करी. महिन्याच्या सभेत ती आरोग्यसेविकेला ही माहिती देई. आरोग्यसेविका ती आपल्या नोंदवहीत उतरवून घेई व गोषवारा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवी. तेथून आकडे तालुक्याला आणि पुढे जिल्ह्याला जात. या प्रवासात आठवडे उलटत आणि आकड्यांच्या मागील नाव व घर हरवून जाई. ‘गावात तीन जोखमीच्या माता’ एवढे जिल्ह्याला समजे. त्या तिघी कोण, हे मात्र केवळ आशाला ठाऊक असे.

ही उणीव दूर करण्यासाठी २००९ मध्ये माता व बालकांचा नावानिशी मागोवा घेणारी संगणकीय प्रणाली सुरू झाली. तिचेच पुढील रूप म्हणजे आजचे प्रजनन व बाल आरोग्य पोर्टल होय. क्षयरुग्णांच्या नोंदीसाठी २०१२ मध्ये ‘निक्षय’ ही प्रणाली आली. २०१६ मध्ये आरोग्यसेविकांसाठी ‘अनमोल’ हे टॅबलेटवर चालणारे ॲप आले. नोव्हेंबर २०१९ पासून ‘ई-संजीवनी’द्वारे उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत दूरच्या डॉक्टरचा सल्ला घेण्याची सोय झाली. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल अभियानाची घोषणा होऊन ‘आभा’ हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक प्रचारात आला. लसीकरणाच्या नोंदीसाठी ‘यू-विन’ प्रणालीचा प्रयोग जानेवारी २०२३ मध्ये ६५ जिल्ह्यांत सुरू करण्यात आला. करोनाच्या साथीत, सप्टेंबर २०२० मध्ये, राज्यात राबविलेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशांनी तापमापक व ऑक्सिमीटर घेऊन घरोघर तपासणी केली. मोबाइलवर नोंद करण्याचा मोठ्या प्रमाणावरील अनुभव अनेकींना त्या वेळी प्रथमच आला.

लाभ कोठे दिसतो?

तंत्रज्ञानाचा लाभ आशाला आणि पर्यायाने गावाला तीन प्रकारे होऊ शकतो.

पहिला लाभ कामाच्या आखणीचा. आज कोणत्या घरी सातव्या दिवसाची भेट आहे, कोणत्या बाळाची गोवराची लस राहिली आहे, कोणत्या गरोदर मातेची चौथी तपासणी बाकी आहे, ही यादी मोबाइलवर सकाळीच मिळाली तर विसर पडत नाही. गुजरातमधील भरूच व नर्मदा जिल्ह्यांच्या आदिवासी पट्ट्यात ‘सेवा रूरल’ या संस्थेने आशांसाठी असे ॲप तयार केले. दररोजच्या भेटींची यादी, तपासणीचे टप्पे व समुपदेशनाच्या चित्रफिती त्यात होत्या. जोखमीच्या माता-बालकांची सूचना प्राथमिक आरोग्य केंद्रातील अधिकाऱ्यांना संगणकावर मिळत असे. या प्रयोगाची शास्त्रशुद्ध तुलनात्मक चाचणी घेण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातील आशांच्या गृहभेटी प्रयोगाच्या क्षेत्रात इतर क्षेत्रापेक्षा वाढल्या. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी, की केवळ मोबाइल देऊन हे घडले नाही. मोबाइलवरील सूचनेची दखल घेणारा अधिकारी केंद्रात होता आणि साधन बिघडल्यास मदतीला धावणारी माणसे होती.

दुसरा लाभ शिक्षणाचा. २०१६ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘मोबाइल ॲकॅडमी’ या उपक्रमात ११ प्रकरणांचा, सुमारे २४० मिनिटांचा श्राव्य पाठ्यक्रम आशाला साध्या फोनवरूनही ऐकता येतो. त्याच वेळी सुरू झालेल्या ‘किलकारी’ उपक्रमात गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत एकूण ७२ ध्वनिसंदेश थेट मातेच्या कुटुंबाला मिळतात. महाराष्ट्रात हा उपक्रम २०२४ मध्ये आला. स्मार्टफोन नसलेल्या आणि वाचता न येणाऱ्या स्त्रीपर्यंतही ही दोन्ही साधने पोचू शकतात, हे त्यांचे वैशिष्ट्य होय.

तिसरा लाभ वैद्यकीय सल्ल्याचा. पाड्यावरील रुग्णास तालुक्याच्या गावी नेण्यात एक दिवसाची मजुरी बुडते. उपकेंद्रात बसून डॉक्टरांशी बोलता आले तर हा खर्च वाचतो आणि ज्याला खरोखरच हलविणे आवश्यक आहे, तो वेळेवर हलविला जातो.

दुहेरी नोंदीचा भार

लाभ असे असले, तरी अनेक ठिकाणी आशांना मोबाइल हा साहाय्यक न वाटता ओझे वाटतो. याचे प्रमुख कारण म्हणजे कागद गेला नाही आणि मोबाइल मात्र आला. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचा ‘सीबॅक’ अर्ज हे याचे चांगले उदाहरण आहे. तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, व्यायाम, घरातील मधुमेह किंवा उच्च रक्तदाबाचा इतिहास यांवरून त्यात गुण दिले जातात. चारपेक्षा अधिक गुण आलेल्या व्यक्तीस तपासणीसाठी प्राधान्याने पाठवावयाचे असते. अर्ज उपयुक्त आहे. परंतु तो प्रथम कागदावर आणि नंतर ॲपवर असा दोनदा भरावा लागला, तर काय होते याचा हिशेब करून पाहू.

एका आशाकडे हजार लोकसंख्या आहे असे समजू. त्यांतील निम्म्या व्यक्ती तीस वर्षांवरील धरल्या, तर वर्षाकाठी सुमारे ५०० अर्ज होतात. कागदावरील एक अर्ज ॲपमध्ये उतरविण्यास केवळ पाच मिनिटे लागतात असे धरले, तरी एकूण २,५०० मिनिटे, म्हणजे जवळजवळ ४२ तास खर्ची पडतात. आता दुसरीकडे पाहू. जन्माचे प्रमाण हजारी १५ धरल्यास तिच्या क्षेत्रात वर्षाला १५ बालके जन्मतील आणि प्रत्येकी सहा भेटींप्रमाणे नवजात बालकांच्या ९० गृहभेटी होतील. एका भेटीस अर्धा तास धरला, तर त्या ४२ तासांत ८४ भेटी झाल्या असत्या. तात्पर्य, एकाच अर्जाच्या दुबार नोंदीत वर्षभराच्या जवळजवळ सर्व नवजात भेटींइतका वेळ जाऊ शकतो. हा हिशेब अंदाजाचा असला, तरी प्रश्नाचे आकारमान समजण्यास तो पुरेसा आहे. शिवाय आभा क्रमांक काढणे, आयुष्मान कार्डासाठी ओळख पटविणे यांसारखी कामेही याच मोबाइलवर येतात.

आशा ही पूर्णवेळ पगारी कर्मचारी नसून कामानुसार मोबदला मिळविणारी स्वयंसेविका आहे, हेही विसरता कामा नये. नवजात बालकाच्या सर्व भेटी पूर्ण केल्यावर २५० रुपये, अशा रीतीने तिचा मोबदला ठरतो. त्यातून नेटपॅकचा खर्च भागवावा लागला किंवा नोंद न पोचल्यामुळे रक्कम अडली, तर साधनाविषयी तिच्या मनात आपुलकी कशी निर्माण व्हावी?

संपर्क, भाषा आणि संच

मेळघाटातील धारणी-चिखलदरा, नंदुरबारमधील अक्राणी किंवा गडचिरोलीतील भामरागड अशा डोंगराळ तालुक्यांत अनेक पाड्यांवर मोबाइलचा संपर्क मिळत नाही अथवा मध्येच तुटतो. तेव्हा आशाने भेटीच्या वेळी केवळ मनात माहिती साठवावी आणि सायंकाळी संपर्क मिळेल त्या टेकडीवर जाऊन ती भरावी, असा प्रसंग येतो. संपर्क नसतानाही नोंद स्वीकारणारे व संपर्क येताच ती आपोआप पुढे पाठविणारे ॲप असेल, तरच अशा भागात त्याचा उपयोग.

भाषेचा प्रश्नही दुहेरी आहे. ॲप मराठीत असणे ही किमान गरज होय. परंतु कोरकू, माडिया किंवा पावरी बोलणाऱ्या घरात मराठी चित्रफीत लावल्याने समुपदेशन होत नाही. तेथे आशाची स्वतःची वाणी हेच खरे माध्यम ठरते.

या संदर्भात २०२१ चा अनुभव बोलका आहे. त्या वर्षी ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आले. ते प्रामुख्याने इंग्रजीत होते आणि अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये दिलेल्या संचांची क्षमता त्यासाठी अपुरी पडत होती. परिणामी, राज्याच्या अनेक जिल्ह्यांत सेविकांनी आपले मोबाइल सामुदायिकरीत्या परत केले. हा तंत्रज्ञानाला नकार होता, असे म्हणता येणार नाही. काम करू न देणाऱ्या साधनाला तो नकार होता. आशांच्या बाबतीत हाच अनुभव पुन्हा येऊ नये, यासाठी त्यातून बोध घेणे हिताचे आहे.

विश्वासाची राखण

आशाला घरातील ज्या गोष्टी समजतात, त्या शेजारणीलाही सांगितल्या जात नाहीत. क्षयरोग, गर्भपात, कुटुंबनियोजन, घरातील मारहाण यांची माहिती तिला केवळ विश्वासापोटी मिळते. ही माहिती जेव्हा मोबाइलमध्ये जाते आणि तो संच घरातील मुले किंवा पतीही वापरतात, तेव्हा विश्वासास तडा जाण्याचा धोका असतो. व्हॉट्सॲपच्या गटावर रुग्णाचे नाव वा छायाचित्र टाकण्याची सवय तर सर्वस्वी टाळली पाहिजे. एचआयव्हीबाधित व्यक्तीची ओळख तिच्या संमतीविना उघड करण्यास २०१७ च्या अधिनियमाने प्रतिबंध केलेला आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र अधिनियमही संमत झाला आहे. कायद्याचे हे तत्त्व सोप्या भाषेत आशांपर्यंत पोचविणे, हा प्रशिक्षणाचा आवश्यक भाग मानला पाहिजे.

आणखी एक धोका सूक्ष्म आहे. नोंदीवरूनच कामाचे मोजमाप होऊ लागले, की भेट कशी झाली यापेक्षा नोंद झाली की नाही, याला महत्त्व येते. मग श्वास न मोजताच ‘४०’ हा आकडा भरला जाण्याचा मोह निर्माण होतो. अशा आकड्याने पोर्टलवरील रकाना पूर्ण होतो. पण बाळाचा न्यूमोनिया मात्र कोणालाच दिसत नाही.

काय करता येईल?

वरील विवेचनावरून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर पुढील गोष्टी उपयुक्त ठरतील.

१. एखादी नोंद ॲपवर स्थिरावली, की तीच माहिती मागणारी नोंदवही बंद करावी. एक माहिती एकदाच भरावी, हा नियम असावा.

२. मातेच्या हाती असलेले माता व बाल संरक्षण कार्ड मात्र कायम ठेवावे. मजुरीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाबरोबर ते जाते. त्याला ना संपर्क लागतो, ना वीज.

३. दरमहा सभेत ॲपमधील माहिती आशाला परत मिळावी. तिच्या गावातील जोखमीच्या माता, कमी वजनाची बालके व राहिलेल्या लसी यांची यादी गटप्रवर्तकाने तिच्यासमवेत वाचावी. वर गेलेला आकडा उपयोगी रूपाने खाली आला, तरच तो अचूक भरण्याची प्रेरणा टिकते.

४. धोक्याची नोंद झाल्यानंतर केंद्रातून त्याच दिवशी आशाला दूरध्वनी यावा. उत्तर न येणारी नोंद हळूहळू खोटी होऊ लागते.

५. मोबाइल संच, नेटपॅक व दुरुस्ती यांचा खर्च तिच्या मोबदल्यातून होऊ नये. अक्षरे बारीक वाटणाऱ्या ज्येष्ठ आशांसाठी मोठी अक्षरे व ध्वनी यांची सोय असावी.

६. प्रशिक्षण एका दिवसाच्या व्याख्यानात संपू नये. मोबाइल सफाईने वापरणाऱ्या आशाने शेजारच्या गावातील आशास प्रत्यक्ष भेटीच्या वेळी शिकवावे, ही पद्धत अधिक परिणामकारक ठरते.

७. भेटीच्या वेळी प्रथम बाळ व माता यांच्याकडे लक्ष द्यावे आणि नोंद नंतर करावी. पडद्याकडे पाहत प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीपुढे कोणतीही माता मन मोकळे करीत नाही.

गावाचा वाटा

ही केवळ आरोग्य विभागाची जबाबदारी नाही. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात इंटरनेटची सोय असेल, तर आठवड्यातील ठराविक वेळ ती आशासाठी मोकळी ठेवता येईल. गावातील महाविद्यालयीन युवक-युवती ॲप वापरण्याच्या तांत्रिक बाबींत तिला साहाय्य करू शकतील. मात्र रुग्णांची माहिती त्यांच्या हाती जाणार नाही, एवढी दक्षता घ्यावी लागेल. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीने आपल्या सभेत आशाकडून केवळ आकडे मागण्याऐवजी तिच्या अडचणी विचाराव्यात. ‘किलकारी’चा संदेश घरातील पुरुषाच्या मोबाइलवर येत असेल, तर तो पत्नीबरोबर बसून ऐकावा, हेही गावानेच पटवून द्यावयाचे आहे.

गडचिरोलीच्या सुईणीने मणी सरकविला, तेव्हा तिला निरक्षरतेची लाज वाटली नाही आणि बाळाच्या आजारपणाचे उत्तर तिच्याच बोटांना मिळाले. आजचा मोबाइल त्या मण्यांपेक्षा कितीतरी पटींनी समर्थ आहे. तिसऱ्या दिवशी घरात पाऊल टाकणाऱ्या आशाला तो तेवढ्याच विश्वासाने वापरता आला आणि तिने मोजलेल्या ६० श्वासांचे उत्तर त्याच दिवशी तिच्यापर्यंत परत आले, तर या साधनावर होणारा खर्च सार्थकी लागला, असे म्हणता येईल.